राजाचं रिकामं ताट

१

रोज सकाळी कुत्र्यांना शिकवणारे मास्तर गाडीचा दरवाजा सरकवायचे आणि तो पुरता उघडायच्या आत भोंगा खाली उडी मारायचा. त्या दिवशी दरवाजा पुरता उघडला, तरी आतून कोणी आलं नाही. भोंगा चादरीवर आडवा पडला होता. मास्तरांना बघून शेपटीचं टोक जेमतेम हललं, पण मान काही उचलेना. पाण्याचं भांडं काठोकाठ भरलेलं होतं, रात्री ठेवलं तसंच.

भोंगा हे नाव चेष्टेनं पडलेलं. हा कुत्रा भुंकायचाच नाही. तपकिरी रंगाचा, एक कान दुमडलेला, आणि नाटकातला सगळ्यात शिस्तीचा नट. निर्दयी राजाच्या सिंहासनाशेजारी तो अख्खा अंक असा बसून राहायचा की प्रेक्षकांना वाटायचं, मातीचा आहे. पडदा पडताना त्याला टाळ्या पडायच्या त्या राजापेक्षा जास्त.

मास्तरांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं. तासाभरानं ते एकटेच नाट्यगृहात परतले आणि थेट रंगमंचावर जाऊन उभे राहिले. मंडळी संध्याकाळच्या प्रयोगाची तयारी करत होती. कोणी दिवे तपासत होतं, कोणी झगे इस्त्री करत होतं.

"माझ्या कुत्र्याला कोणीतरी काहीतरी घातलंय," मास्तर म्हणाले. "मूत्रपिंडं बंद पडत चाललीत त्याची. डॉक्टर म्हणतात, हे आपोआप होत नाही. पोटात काहीतरी गेलंय."

सगळे जागच्या जागी थांबले.

"आणि मला माहितीये, कोणी घातलं ते." मास्तरांनी बोट रोखलं ते सेनापतीवर.

२

सेनापती म्हणजे नाटकातला सेनापती. तरणाबांड, देखणा नट. सगळे त्याला भूमिकेच्याच नावानं हाक मारत. तालमीत एकदा भोंग्यानं त्याच्या पोटरीला दात लावले होते, आणि त्यानंही सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "या कुत्र्याचा एकदा निकाल लावतो बघा."

मास्तर पोलिसांत जायला निघाले होते. त्यांना अडवलं बाईंनी. नाटक बाईंनीच बसवलेलं, मंडळी त्यांचीच. आवाज न चढवता माणसाला खाली बसवायची हातोटी त्यांच्याकडे होती.

"मास्तर, संध्याकाळपर्यंत थांबा. मी विचारते एकेकाला. आधी भोंग्याच्या पोटात काय गेलं ते कळू दे, मग कोणी घातलं ते बघू."

"काल डॉक्टरांनी विचारलंच होतं की! कोणी तोंड उघडलं?"

खरं होतं ते. रविवारी दुपारचा प्रयोग झाला आणि संध्याकाळी भोंगा गाडीत ओकला. सोमवारी सकाळी जनावरांच्या डॉक्टर स्वतः नाट्यगृहात आल्या. तरुण, घाईत असलेल्या. सगळ्यांना गोळा करून त्यांनी भराभर विचारलं होतं, "चॉकलेट? कांदा? द्राक्षं, मनुका? माणसांच्या गोळ्या? उंदराचं औषध? यातलं काही खाल्लं का यानं?" उंदराचं औषध म्हटल्याबरोबर सगळ्यांनी नाट्यगृहाच्या रखवालदाराकडे पाहिलं, आणि बाकीचे शब्द हवेत विरले. कोणीच काही बोललं नाही. डॉक्टरांनी ओकारी थांबवायचं इंजेक्शन दिलं आणि त्या गेल्या.

बाईंनी आधी रखवालदाराला गाठलं. तो बिचारा घाबरून गेला होता. त्यानं तळघरात नेऊन औषधाच्या पेट्या दाखवल्या. लोखंडी, कुलूपबंद, उंदराच्या अंगाएवढंच भोक ठेवलेल्या. आतल्या वड्या न कुरतडलेल्या. बाईंनी दवाखान्यात फोन लावला.

"उंदराचं औषध वाटत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्यानं बहुतेक रक्तस्राव होतो. याच्या हिरड्या स्वच्छ आहेत. याला दुसरंच काहीतरी झालंय. बाई, कालच कळलं असतं ना, तर मी त्याला तिथं ठेवून आलेच नसते. कालपासून सलाईन लावलं असतं. एक अख्खा दिवस फुकट गेला."

बाईंनी फोन ठेवला. ते 'फुकट' त्यांच्या कानात राहिलं.

३

सेनापती रंगपटात आरशासमोर बसला होता. मेकअप न करताच.

"मी बोललो होतो तसं, कबूल," तो म्हणाला. "पण बाई, रागात माणूस काय काय बोलतो. मी तर उलट दोस्ती करायला बघत होतो. आमचा तो प्रवेश आहे ना, मी सिंहासनाजवळ जातो तो? दर वेळी गुरगुरायचा. म्हणून गेले काही दिवस नाटक संपलं की खिशातून पाव काढून त्याच्यापुढे धरायचो."

"पाव?"

"साधा पाव. पण खायचाच नाही. हुंगायचा आणि मान फिरवायचा. मास्तर तर सांगतात, प्रयोगाआधी त्याला उपाशी ठेवतो, म्हणजे लक्ष राहतं. मग उपाशी कुत्रा पाव का नाकारेल? मला वाटलं, माझाच राग असेल."

बाई जायला वळल्या तसा तो हळूच म्हणाला, "दादांना नका सांगू, पण... राजाचं काम मला पाठ आहे. लोकांना वाटेल, दादांचं नाटक पाडायला केलं मी. तसं नाही हो."

दादा म्हणजे राजाचं काम करणारे. मंडळीतले सगळ्यात जुने नट. त्यांच्या स्वच्छ शब्दोच्चारांसाठी लोक लांबून येत. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही त्यांचं अक्षरन् अक्षर ऐकू जायचं.

सेनापती खोटं बोलत नव्हता, असं बाईंना वाटलं. मग राहिला प्रश्न एवढाच, की नाटक संपेपर्यंत उपाशी कुत्र्याचं पोट कोण भरत होतं?

४

"मला का विचारताय?" नाना चिडून म्हणाले. नाटकातल्या सगळ्या सामानाचा जिम्मा नानांकडे: तलवारी, मुकुट, पत्रं, ताटं. "माझ्या हातून कुत्र्याला कण गेलेला नाही. खाण्याचं सामान म्हणाल तर एकच, राजाचं ताट."

ते ताट नाटकाचा जीव होतं. दुष्काळी गावाचा वकील राजापुढे गुडघे टेकून धान्य मागतो. राजा त्याच्यासमोर एकट्यानं ताटभर फळं खातो, खाता खाता त्याला ऐकवतो, आणि शेवटी रिकामं ताट त्याच्या हातात देतो. अंक संपतो.

"ताट परत कसं येतं तुमच्याकडे?"

"लख्ख! दादा एक फोड मागं ठेवत नाहीत. आणि गंमत बघा, एवढं खाऊन आत आले की लगेच चहा मागतात आणि बिस्किटं बुडवून बुडवून खातात. पार लगदा होईपर्यंत. मी म्हटलंसुद्धा, दादा, पोट आहे की पोतं?"

"फोडी कशाच्या असतात? सफरचंदाच्याच ना?"

नाना त्यांच्याकडे बघतच राहिले. "रविवारपासून नाही. तुम्हीच तर बदलायला लावलंत! फोडींचा कर्रकर्र आवाज माइकमध्ये येतो, राजाचं बोलणं झाकलं जातं, आवाज न होणारं फळ आणा, असं तुम्हीच म्हणालात. मी द्राक्षं आणली. मोठा घोस होता."

बाईंना सोमवार आठवला. सोमवारी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्या तिथंच उभ्या होत्या. द्राक्षं हा शब्द त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता. पण त्यांच्या लेखी ती द्राक्षं राजाच्या ताटातली होती, राजाच्या पोटात गेलेली. कुत्र्याशी त्यांचा काय संबंध?

त्यांनी तिथूनच फोन लावला. "डॉक्टर, एक विचारायचं होतं. कुत्र्याला फळं चालतात ना?"

"कोणतं फळ त्यावर आहे. बिया काढून सफरचंद दिलं तर बहुतेकांना चालतं. द्राक्षं अजिबात नाही. एखादा कुत्रा घोसभर पचवतो, एखाद्याची मूत्रपिंडं मूठभरानं जातात. आधी ओळखता येत नाही, म्हणून एकही द्यायचं नाही. का हो?" आणि मग आवाज बदलला. "बाई, त्यानं द्राक्षं खाल्लीत का?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "ती दादांनी खाल्ली. म्हणजे, आम्हाला तसं वाटतंय."

"शोधून काढा. लवकर. आणि किती, तेही."

५

रंगमंचावर सिंहासन मांडलेलं होतं. बाई जाऊन त्यावर बसल्या. उजवीकडे वकिलाची जागा, प्रेक्षक, दिवे. डावीकडे सिंहासनाचा उंच हात, त्यामागे भोंग्याची बसायची जागा. तिथं काय चाललंय ते प्रेक्षकांतून दिसायचं नाही, वकिलालाही नाही. पायथ्याशी फळीत माइक दडवलेला होता. भोंग्याच्या तोंडापासून हातभर लांब.

"नाना, एक सफरचंद द्या."

नानांनी आपल्या डब्यातलं दिलं. बाईंनी फोड तोंडात टाकली, करकचून चावली आणि राजाचं वाक्य म्हणायला गेल्या. तोंडातून रस आणि बोबडे बोल एकदमच बाहेर आले. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. चावायचं तर बोलणं थांबवावं लागत होतं, बोलायचं तर चावणं.

त्या थांबल्या. राजाच्या त्या भाषणात श्वास घ्यायला उसंत नाही. त्यांनीच तसं बसवलं होतं. आणि दादांचा उच्चार तर शेवटपर्यंत स्वच्छ. मग शब्दांवर कर्रकर्र आवाज येत होता, तो कोणाच्या तोंडातून?

प्रयोगांत त्या मागच्या खोलीत माइकचा आवाज ऐकायचं यंत्र कानाला लावून बसत. तो आवाज त्यांनी इतक्यांदा ऐकला, त्यावर चिडल्या, सूचना केली, फळ बदललं. एकदाही मनात आलं नाही की एकच माणूस एकाच वेळी बोलेल आणि चावेल कसा.

आता दुसरंही आठवत गेलं. दादा हल्ली वाक्यं बदलत होते. 'सिंहासनासमोर सगळे सारखे' असं वाक्य होतं. दादा म्हणायला लागले, 'गादीपुढे कोणी मोठा नाही.' बाईंना ते आवडलं होतं. जुना नट आहे, सुचलं असेल, म्हणून सोडून दिलं होतं. 'शरण' गेलं, 'सुवर्ण' गेलं. स आणि श जिथं जिथं होते, तिथून काढता येतील तेवढे शब्द दादांनी गुपचूप काढून टाकले होते. आणि चहात लगदा केलेली बिस्किटं.

बाई सिंहासनावरून उठल्या. उरलेलं सफरचंद हातातच होतं.

६

दादा त्यांच्या खोलीत राजाचा झगा अंगावर घालून बसले होते. प्रयोगाला अजून वेळ होता.

"काय म्हणतोय भोंगा?" त्यांनी विचारलं. विचारताना बाईंकडे बघितलं नाही.

बाईंनी सफरचंद त्यांच्यासमोर ठेवलं. "दादा, एक घास खा याचा. माझ्यासमोर."

दादांनी सफरचंदाकडे पाहिलं, मग आरशात पाहिलं. मग उठून दाराला कडी घातली. पाठमोरे होऊन तोंडाशी हात नेला आणि वळले तेव्हा त्यांच्या तळहातावर दातांची कवळी होती, वरची आणि खालचीही. गाल आत गेलेले. राजाच्या झग्यात कोणी दुसराच म्हातारा उभा होता.

"नवीन आहे," ते म्हणाले. शब्द फुसफुसत बाहेर पडत होते. "हलते अजून. स म्हटलं की शीळ वाजते. फोड चावली तर लोकांसमोर बाहेर येईल. आणि ताट तर रिकामं व्हायलाच हवं. तो शेजारी बसलेला असायचा. भुकेला. मास्तरांना मी आडून विचारलं होतं, कुत्र्याला फळं चालतात का हो? ते म्हणाले, न चालायला काय झालं, फळं चांगलीच असतात. मग बाहीआडून देत गेलो. पहिल्या दिवसापासून."

"आणि रविवारी?"

"रविवारी ताटात द्राक्षं. मी म्हटलं, हीही फळंच. त्यात बिया, सालं. एक जरी कवळीखाली गेलं असतं तर... आणि हात खाली गेला नाही तर तो झगा ओढतो. दिली. सगळी दिली. शेवटचा दाणा दिला तेव्हा त्यानं माझा हात चाटला, बाई."

बाईंनी सफरचंद उचलून बाजूला ठेवलं.

"द्राक्षं बाधतात हे मला माहीत नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं. पण सोमवारी डॉक्टरांनी विचारलं ना..." दादा खुर्चीवर बसले. "द्राक्षं म्हणाल्या त्या. ऐकलं मी. तोंड उघडणार होतो. तेवढ्यात मनात आलं, कोणी विचारलं, तुम्ही का नाही खाल्लीत, तर? सेनापती तिथंच उभा होता. अख्खी मंडळी होती. उद्या गावभर झालं असतं, दादांना दात नाहीत, दादा संपले. मग डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, बरं वाटेल म्हणाल्या, आणि मी तेवढंच धरून बसलो. रात्रभर स्वतःला सांगत होतो, होईल बरा."

"तुम्ही काल बोलला असतात तर त्याला कालच सलाईन लागलं असतं."

"हो."

"एक दिवस गेला, दादा."

"हो म्हणतोय ना!" दादा ओरडले, आणि मग दोन्ही हातांत तोंड झाकलं.

बाईंना खूप काही बोलायचं होतं. पण द्राक्षं आणायला कोणी सांगितलं होतं? सोमवारी तो शब्द ऐकून गप्प कोण राहिलं होतं? त्यांनी खुंटीवरचा दादांचा साधा सदरा काढून त्यांच्या पुढ्यात टाकला.

"झगा उतरवा. दवाखान्यात जायचंय. डॉक्टरांना तुम्हीच सांगायचं, माझ्या तोंडून नाही."

७

प्रयोग रद्द झाला. नानांनी तिकीटखिडकीबाहेर पाटी लावली.

दवाखान्यात भोंगा पिंजऱ्यात पडला होता, पुढच्या पायाला सुई बांधलेली. मास्तर जमिनीवर पिंजऱ्याला टेकून बसले होते. दादांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. किती द्राक्षं, केव्हा, कशी. सांगताना मास्तरांसमोरून हलले नाहीत. डॉक्टरांनी एकदाही मध्ये टोकलं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "ठीक आहे. म्हणजे आता अंधारात तीर मारायला नको." आणि सलाईनचा वेग बदलायला गेल्या.

बाईंना वाटलं, आता मास्तर उठतील आणि दादांच्या अंगावर जातील. मास्तर उठले नाहीत.

"गाडीत ओकला ना तो," मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले, "त्यात हिरवी सालं होती. मी पाहिली."

"काय?" बाई म्हणाल्या.

"मला वाटलं, राजाच्या ताटातलं चोरून खाल्लं यानं. चोरटा कुत्रा म्हणून नाव झालं तर नाटकात कोण घेईल? म्हणून पाणी मारून सगळं धुऊन टाकलं. डॉक्टरांनी द्राक्षं म्हटलं तेव्हा मी गप्प बसलो. द्राक्षांनी काय होतंय, वाटलं. आणि आज त्या पोराच्या नावानं शंख केला." त्यांनी दादांकडे हात केला. "फळं चालतात म्हणून मीच सांगितलं होतं यांना. आयुष्य गेलं माझं कुत्र्यांत."

 तिघं तिथंच बसून राहिले. मागाहून सेनापती आला, चहा घेऊन. मास्तर त्याला बघून उभे राहिले, हात जोडले. "राहू द्या हो, मास्तर," तो म्हणाला आणि कप त्यांच्या हातात दिला. दादांच्या गालांकडे त्यानं एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. दादांनी कवळी परत घातलीच नव्हती.

डॉक्टर म्हणाल्या होत्या, आता सगळं एकाच गोष्टीवर आहे. सलाईन आत जातंय, पण बाहेर काही येत नाहीये. लघवी झाली तर आशा धरा. नाही झाली, तर मला तुमच्याशी वेगळं बोलावं लागेल.

उजाडता उजाडता बाईंचा डोळा लागला होता. आतून डॉक्टरांची हाक आली तेव्हा त्या दचकून उठल्या. मास्तर आत धावले, दादा दारातच थबकले.

"झाली!" डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या हातमोज्यांपासून कोपरापर्यंत सगळं भिजलं होतं. "थोडी नाही, चांगली झाली!"

मास्तर त्या ओल्या फरशीवरच गुडघ्यांवर बसले आणि हसायला लागले, आणि हसता हसता रडायला. बाईही रडल्या. दादा मात्र दारातच उभे राहिले. आत या असं त्यांना कोणी म्हटलं नाही, आणि न विचारता आत जायचं धाडस त्यांना झालं नाही.

भोंगा वाचला, पण पुरता नाही. मूत्रपिंडांचं जेवढं गेलं तेवढं गेलंच. त्याला वेगळं जेवण लागलं, औषधं लागली, दर महिन्याला तपासणी लागली. नाटकात तो परत आला नाही. मास्तरांनी सामान आवरलं आणि त्याला घरी घेऊन गेले. जाताना सगळ्यांचा निरोप घेतला, दादा सोडून.

दादांनी सोमवारच्या गप्प बसण्याची गोष्ट मंडळीला स्वतःच सांगितली, सगळ्यांना बसवून. राजाचं काम त्यांनी सेनापतीला दिलं आणि स्वतः दुष्काळी गावाचा वकील झाले. बाई नको म्हणत होत्या. ते ऐकेनात.

दर आठवड्याला ते बाईंना विचारायचे, "फोन केलात?" मग बाई मास्तरांना फोन करायच्या आणि मास्तर सांगायचे. जेवला. चालला. आज उलटी झाली. आज बरा आहे. मास्तर कधी दादांचं नाव काढायचे नाहीत आणि बाईही नाही. महिने गेले.

एका दुपारी बाईंनी नेहमीसारखा फोन केला. मास्तरांनी सांगितलं, भोंगा अंगणात उन्हात झोपलाय. बाई फोन ठेवणार होत्या.

"बाई," मास्तर म्हणाले, "दर वेळी तुमच्याकडून निरोप कशाला? त्यांना सांगा, स्वतः करत जा."

बाईंनी दादांना तसं सांगितलं. दादा कपडे बदलत होते. अर्धी बाही अंगात, अर्धी बाहेर, तसेच खुर्चीवर बसले. बराच वेळ फोन हातात घेऊन बसले. मग चष्मा लावला आणि नंबर दाबला.

"मास्तर," ते म्हणाले, "मी बोलतोय."

पलीकडून काही ऐकू आलं नाही. बाई उठून खोलीबाहेर जायला निघाल्या, तेव्हा फोनमधून मास्तरांचा आवाज आला.

"बोला."